तलावाची भांडी

ठाण्यातल्या कुठल्याही दोन माणसांना शहरात तलाव किती असं विचारलं, तर दोन वेगळे आकडे मिळतात आणि दोघंही एकमेकांना बाहेरचे समजतात. मी खरोखरच बाहेरची. नोकरीची सगळी वर्षं मी डोंबिवलीत काढली, कोपरच्या बाजूला. एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देणं आणि ती परत यावीत म्हणून प्राध्यापकांच्या मागे लागणं, हे माझं काम. निवृत्तीनंतर मुलीच्या आग्रहावरून ठाण्याच्या अगदी उत्तर टोकाला, तिच्याच इमारतीत राहायला आले. इमारतीच्या जाहिरातीत तलावाचं दर्शन घडेल असं म्हटलं होतं. ते घडतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उजवीकडे मान काढावी लागते, एवढंच.

भाकरी मधोमध मोडावी तसा या तलावाचा आकार आहे. मोडलेली सरळ बाजू दक्षिणेला. तिकडे आमच्या इमारती, चालायची फरशी, आणि त्या फरशीवर तावातावाने हात हलवत चालणारे लोक. पश्चिमेला येऊरच्या डोंगराचा उतार. पावसाळ्यात तिथून दोन ओहोळ येतात आणि उन्हाळ्यात ओहोळांच्या जागी क्रिकेट असतं. पूर्वेला एक दगडी मोरी आहे, जादा झालेलं पाणी तिच्यातून खाडीकडे जातं, निदान जावं अशी अपेक्षा आहे. उत्तरेची गोल बाजू गावठाणाची. तिथे एक काळा खडक उतरत उतरत पाण्यात शिरतो. खडकावर शेंदूर लावलेले सहा दगड आहेत. या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. सातवी कुठे असं विचारलं तर ती पाण्याखाली आहे असं सांगतात. ती थोरली की धाकटी, यावर गावात दोन पक्ष आहेत. खडकाच्या मागे एक चिंच आणि चिंचेखाली एक कौलारू घर. गावाची बाकीची वस्ती रस्त्यापलीकडे.

तलावाच्या गोष्टी मला गावदेवीच्या देवळाच्या कट्ट्यावर मिळाल्या. तिथे एक म्हातारेबुवा बसतात. गोष्ट सांगताना ते समोरच्याकडे न बघता आपल्या चपलांकडे बघतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं की या तलावाला तळ नाही. पूर्वी कोणीतरी सात बाजांचे सुंभ सोडवून, एकाला एक जोडून, टोकाला दगड बांधून सोडले होते, तरी तळ लागला नाही. मी नम्रपणे आठवण करून दिली की मागच्या उन्हाळ्यात गाळ काढायला तलाव उपसला, तेव्हा तळ सगळ्या गावाने पाहिला. दोन पुरुष खोल होता, आणि त्यावर गणपतीचे पाट, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक स्कूटर होती. बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, तो वरचा तळ. याहून कच्च्या युक्तिवादावर पीएच.डी. मिळवलेली माणसं मी पुस्तकं देताघेताना जवळून पाहिली आहेत.

भुयाराची गोष्टही होतीच. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक तलावातून कुठल्यातरी किल्ल्यावर भुयार निघतं. ती सगळी खरी असती तर डोंगर कधीच खाली बसले असते.

पण तिसरी गोष्ट मला मनापासून आवडली. पूर्वी गावात कोणाकडे लग्न निघालं की घरची बाई तिन्हीसांजेला खडकावर जायची, अक्षता आणि सुपारी ठेवायची आणि पाण्याकडे बघून सांगायची, इतके टोप, इतक्या पराती, इतकी पातेली. सकाळी खडकावर भांडी मांडलेली असायची. घासून लख्ख केलेली. लग्न उरकलं की ती तशीच घासून परत ठेवायची. आसरा घेऊन जायच्या. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मग एकदा एका घराने एक परात परत केली नाही. त्यानंतर भांडी आली नाहीत.

ज्या बाईने कधी दोनशे माणसांचा स्वयंपाक केला असेल, तिनेच ही गोष्ट रचलेली असणार. सोन्याचे हंडे मागणाऱ्या कथा मी खूप वाचल्या होत्या. टोप मागणारी ही पहिलीच.

त्याच सुमारास तलावाचं सुशोभीकरण पूर्ण होत आलं होतं आणि आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी एक समिती काढली होती. हे गृहस्थ स्वभावाने चांगले, पण फीत दिसली की त्यांना कात्री आठवते. वाचनालयाच्या पंख्याचंसुद्धा त्यांनी उद्घाटन केलं होतं, आणि पंखा सुरू करायला बटण दाबणाऱ्या पाहुण्यांना शाल दिली होती. समितीने ठरवलं की तलावाकाठी काळ्या ग्रॅनाइटचा एक फलक उभा करायचा, त्यावर तलावाचा इतिहास आणि दंतकथा कोरायची. मॅडमचं वाचन दांडगं आहे, त्याच लिहितील, असं मला न विचारता ठरलं. मी आढेवेढे घेतले, म्हणजे लिहायला लगेच बसले.

दीडशे शब्दांची मर्यादा होती, कारण उरलेली जागा मान्यवरांना लागणार होती. आकार, ओहोळ, मोरी, आसरा, सगळं नीट बसलं. भांड्यांच्या गोष्टीपाशी मात्र मी अडले. ‘एका घराने’ हे मला चालेना. सगळा जन्म मी पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर, हे सांगण्यात घालवला होता. कुठलं तरी घर, ही काय नोंद झाली? म्हणून मी कट्ट्यावर गेले आणि बुवांना विचारलं, कुठलं घर हो? बुवा खोकले. चपला न्याहाळल्या. शेजारी बसलेले दोघे उठून गेले, आणि मला वाटलं त्यांची चहाची वेळ झाली असेल. मी पुन्हा विचारलं. शेवटी त्यांनी हनुवटी किंचित उत्तरेकडे हलवली.

एवढा पुरावा मला पुरला. मी लिहिलं: ‘तलावाच्या उत्तर काठावरील घराण्याने एक परात परत केली नाही आणि तेव्हापासून भांडी येणे बंद झाले.’ वाक्य छान तोललेलं आहे असंही मला वाटलं. दंतकथेतल्या माणसांना वारस नसतात, असा माझा समज होता. वाचणाऱ्या माणसांचे असे बरेच समज असतात.

मान्यवरांची यादी रोज बदलत होती, म्हणून कोरणाऱ्याने दगडच तलावाकाठी आणून ठेवला. तो वसईकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. माझा मजकूर कोरून तयार होता. खाली ‘शुभहस्ते’ आणि ‘प्रमुख उपस्थिती’ ही नावंही कोरून झाली होती. ‘विशेष उपस्थिती’ अजून वर्तमानपत्रं वाचून ठरत होती.

मी आमच्या फाटकाशी बसणाऱ्या मावशीकडून मासळी घेते. सत्तरीच्या पुढची, गावातलीच, कासोट्याचं हिरवं लुगडं, कमरेला एक मोठी पितळी चावी. ती सगळ्यांना ‘तू’ म्हणते, अध्यक्षांनाही. एका सकाळी मी बोंबील घ्यायला गेले तर तिने टोपलीवरचं फडकं काढलंच नाही.

“बाय, तुजा दगड वाचला सुनेनं,” ती म्हणाली. “घरी ये. हितं नको.”

तेव्हा पहिल्यांदा मी तलावाला पूर्ण वळसा घालून पलीकडे गेले. चिंचेखालचं कौलारू घर तिचं होतं. उत्तर काठावर दुसरं घर नव्हतंच. मी रोज ते खिडकीतून बघत होते, मान उजवीकडे काढून.

सून ओटीवर बसली होती. ठाकुर्लीची मुलगी, एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला. कामावर जाताना तिने दगडावरचं गोणपाट वाऱ्याने सरकलेलं पाहिलं, थांबून वाचलं, आणि बस सोडून घरी परत आली. माझ्याशी ती अगदी सभ्यपणे बोलली. मला वाईट वाटावं असा तिचा हेतू नव्हता, त्यामुळे फारच वाईट वाटलं.

मावशीच्या कमरेची चावी गावकीच्या भांड्यांच्या खोलीची होती, हे मला त्या दिवशी कळलं. देवळामागे एक खोली आहे. तिच्यात गावाचे सामायिक टोप, पराती, कढया, झारे, झाकणं. कोणाकडे लग्न असो, हळद असो, बारावं असो, मावशीकडे यायचं, भांडी न्यायची, घासून परत आणायची. चावी या घरात सासूकडून सुनेकडे जाते. मावशीचे गुडघे आता खोलीच्या पायऱ्या चढत नव्हते आणि येत्या पौर्णिमेला ती चावी सुनेला देणार होती. नवी साडी आणून ठेवली होती. आणि सुनेने नाही म्हटलं होतं.

“मी नाही घेणार, आई,” ती माझ्यासमोर पुन्हा म्हणाली. “दगडावर लिहिलंय ते. उद्या कोणाच्या लग्नात एक डाव कमी आला, तर सगळे पहिले माझ्याकडे बघतील.”

मी माफी मागितली. म्हटलं, चूक माझी, मी खात्री न करता लिहिलं, खोटं असेल तर मी ते वाक्य काढायला लावते.

मावशी म्हणाली, “खोटं कुटं हाय? खरंच हाय ते. पन तू अर्दीच लिवलीस.”

मग तिने उरलेली अर्धी सांगितली. तिच्या सासूच्या सासूच्याही आधीची कोणीतरी बाई या घरात होती. घरातल्या एका लग्नासाठी आलेल्या परातीत तिचं तान्हं मूल आंघोळीला बसायचं. परात उचलली की रडायचं. बाई म्हणाली, चार दिवस राहू दे. मग आणखी चार. मग इतके दिवस झाले की परत ठेवायची लाज वाटायला लागली. आणि भांडी यायची बंद झाली. गावात पुढचं लग्न आलं तेव्हा शिजवायला भांडी नव्हती. त्या वेळी हीच बाई उठली, घरातला तांब्याचा हंडा काढला, परात काढली, आणि घरोघर जाऊन म्हणाली, माझ्यामुळे झालंय, माझं मी दिलंय, आता तुम्हीही एकेक द्या. कोणी टोप दिला, कोणी कढई. तीच गावकीची भांडी. आणि ती सांभाळायची कोणी, असा प्रश्न निघाला तेव्हा गावाने चावी तिच्याच हातात दिली.

मी विचारलं, तिच्याच का?

“जी येकदा चुकली, ती दुसऱ्या खेपंला सगल्यांपेक्षा नीट मोजल ना,” मावशी म्हणाली, जणू ही गोष्ट ग्रंथपालाला सांगावी लागावी याचं तिला आश्चर्य वाटत होतं.

माझ्यातल्या संशयी बाईला अजून एक प्रश्न विचारायचा होता. आसरा खरंच भांडी देत होत्या, असं तिला वाटतं का?

“आसरांनी दिली काय नि गावानं दिली काय,” ती म्हणाली, “परत तं करायचीच ना.”

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कोणी ते बोलून दाखवत नव्हतं. गोष्ट सांगताना ‘एका घराने’ एवढंच म्हणायचं आणि चपलांकडे बघायचं, ही गावाची रीत होती. बुवा खोकले होते ते म्हणूनच. आणि मी मात्र ते घर दगडावर कोरून ठेवलं होतं, दिशेसकट.

मी तिथून थेट अध्यक्षांकडे गेले. त्यांनी मला चहा दिला, गोष्ट पूर्ण ऐकली आणि डोळे पुसले. ते खरंच पुसले, ते तसे हळवे आहेत. मग म्हणाले की मजकूर बदलता येणार नाही. दोन वाक्यं वाढवायची तर खाली जागा नव्हती, तिथे प्रमुख उपस्थिती होती. नुसतं वाक्य खोडलं तर दगडाला खड्डा पडेल, आणि पाहुण्यांना खड्डा दाखवणं बरं दिसत नाही. मी सुचवलं की पाहुण्यांना या शहरात खड्ड्यांची सवय असेल. ते हसले नाहीत.

कोरणारा नावांच्या यादीसाठी तिथेच येऊन बसला होता. त्याने एक व्यवहारी सूचना केली. दगडाची मागची बाजू कोरी आहे, उरलेलं तिकडे लिहू. अध्यक्षांना हे फार पटलं. मी ही तडजोड घेऊन पुन्हा तलावाला वळसा घातला.

मावशीने ऐकून घेतलं. “चोरी पुडं नि चावी मागं?” एवढंच म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गुडघे धरत, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आली.

इथे एक सांगायला हवं. उद्घाटनाच्या पत्रिकेवर अध्यक्षांनी मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ‘गावकीच्या पारंपरिक भांड्यांत रांधलेले गावजेवण.’ प्रमुख पाहुण्यांना ही कल्पना इतकी आवडली होती की त्यांनी दोनदा फोन करून विचारलं होतं. रांधणार होत्या गावातल्या बायका. उद्घाटन चार दिवसांवर होतं.

मावशी रागावलेली नव्हती. तिने कमरेची चावी सोडली आणि अध्यक्षांच्या टेबलावर, पत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवली. म्हणाली की दगडावर आमच्या घराचं लिहिलंय, तर आमच्या घरात चावी शोभत नाही. तू ठेव. भांडी तूच दे, तूच मोजून घे.

अध्यक्षांनी आधी ती चावी मोठा मान समजून कपाळाला लावली. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी समितीतल्या गावच्या चार सभासदांना बोलावलं आणि कोणीतरी तात्पुरती चावी घ्या असं सांगितलं. पहिल्याला गुडघ्याचा त्रास होता. दुसऱ्याची नाइट शिफ्ट होती. तिसरा म्हणाला बायकोला विचारून सांगतो, आणि ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही. चौथा फक्त आपल्या चपलांकडे बघत राहिला. कोणी काही विरोध केला नाही, घोषणा दिली नाही, एक शब्द वावगा बोलला नाही. चावी टेबलावर तशीच पडून राहिली. गावातल्या बायकांकडे निरोप गेला, तर त्या म्हणाल्या की रांधायला आम्ही तयार आहोत, टोप आणून द्या. खोली उघडून टोप आणणारा माणूस सगळ्या ठाण्यात सापडेना. भाड्याची स्टीलची भांडी आणता आली असती, पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि ज्याला पत्रिका मिळाली नव्हती त्याला फोनवर फोटो मिळाला होता.

दोन दिवस अध्यक्षांना नीट जेवण गेलं नाही असं त्यांच्या बायकोने मला लिफ्टमध्ये सांगितलं. तिच्या आवाजात काळजी कमी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला तलावाकाठी बोलावलं. कोरणारा उकिडवा बसून विडी ओढत होता. अध्यक्ष म्हणाले, काहीही करा, पण नावं खोडायची नाहीत, त्यातल्या दोघांनी आधीच बघून ठेवलंय.

कोरणाऱ्याने दगडाकडे बघितलं, तलावाकडे बघितलं, विडी विझवली.

“दगड फिरवू,” तो म्हणाला.

कोरी बाजू रस्त्याकडे करायची. तिच्यावर गोष्ट पहिल्यापासून पूर्ण कोरायची, दुसरं काही नाही. जुनी बाजू, सगळ्या मान्यवरांसह, तलावाकडे करायची. तिच्यावरची ती ओळ घासून तिथे वेलबुट्टी काढायची, म्हणजे खड्डा दिसणार नाही. पाण्याकडून वाचणार कोण, असं अध्यक्षांनी विचारलं. कोरणारा म्हणाला की तलावात होड्या आणायचं चाललंय असं ऐकलं. होड्यांची गोष्ट या तलावात तळाइतकीच जुनी आहे, पण अध्यक्षांचा चेहरा उजळला. होडीतून, पाण्यावरून दिसणारी नावं. ते म्हणाले, हे तर जास्तच चांगलं.

मी तिथेच पायरीवर बसून नवी वाक्यं लिहिली. आधी मावशीला वाचून दाखवली. या वेळी तिची परवानगी घेतल्याशिवाय मी स्वल्पविरामही घालणार नव्हते. शेवट असा झाला: ‘पुढे त्याच घराने आपला हंडा देऊन आणि घरोघर फिरून गावासाठी भांडी उभी केली. गावाने ती त्यांच्याच हाती सोपवली. ती आजही त्यांच्याकडे आहेत आणि त्यांतले एकही हरवलेले नाही.’ तिने दोनदा वाचायला लावलं. मूल परातीत बसायचं तेही घाल, असं म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली की नको, ते आमच्यातच राहू दे. ते मी आज इथे लिहिते आहे, तेही तिला विचारूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोरून झाल्यावर, सुनेने गोणपाट बाजूला करून, ओल्या दगडावर बोट फिरवत सगळं वाचलं. ‘एकही हरवलेले नाही’ या शब्दांपाशी बोट थांबलं.

“आता तर जास्तच जबाबदारी झाली,” ती म्हणाली.

“मंग?” अध्यक्षांनी परत आणून दिलेली चावी हातात धरून मावशीने विचारलं.

“मग काय. द्या इकडे.”

पौर्णिमा अजून आली नव्हती, नवी साडी घरी ट्रंकेत होती, आणि सुनेच्या अंगावर लॅबचा पांढरा कोट होता. तिने चावी कोटाच्या खिशात टाकली आणि कामावर गेली. त्या संध्याकाळी गावातल्या बायका देवळामागे जमल्या आणि मी पहिल्यांदा गावकीची भांडी पाहिली. प्रत्येकावर ठिपक्या-ठिपक्यांनी ‘गावकी’ असं कोरलेलं. मावशी पायरीखाली खुर्चीत बसून बिया टाकून मोजत होती. दिलेल्या प्रत्येक टोपामागे डब्यात एक चिंचोका, परातीमागे सीताफळाची बी, झाकणामागे वालाचा दाणा. परत आलं की दाणा बाहेर. तिला अक्षर येत नाही, पण आमच्या ग्रंथालयातली संगणक नोंदणी इतकी चोख कधीच नव्हती. सून फोनवरही लिहून घेत होती. मावशीने ते चालवून घेतलं, नव्या पिढीची हौस म्हणून.

उद्घाटन झालं. भाषणं झाली. प्रमुख पाहुण्यांनी तलावाच्या अथांग खोलीचा तीनदा उल्लेख केला, आणि कट्ट्यावरचे बुवा प्रत्येक वेळी माझ्याकडे वळून बघत होते. पाहुण्यांनी आपलं नाव शोधलं. अध्यक्षांनी त्यांना हाताला धरून पाण्याच्या काठाशी नेलं, वाकायला लावलं, आणि दाखवलं. फोटोत ते दोघे खेकडे पकडायला निघाल्यासारखे दिसतात. वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या मात्र अशा झाल्या होत्या की भाषणं कोणाला आठवत नाहीत. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पाहुण्यांनी किती खाल्ल्या ते त्यांचं त्यांना माहीत, पण ते ‘अजून एक’ असं भाषणापेक्षा जास्त मनापासून म्हणत होते.

दुपारी बायकांनी भांडी घासली. सून देवळामागे मोजायला उभी राहिली, मावशी डबा मांडीवर घेऊन. चिंचोके संपले. सीताफळाच्या बिया संपल्या. डब्याच्या तळाशी वालाचा एक दाणा राहिला. एक झाकण कमी होतं.

सुनेने फोनवरची यादी पुन्हा तपासली. मावशीने डबा तिच्या हातात दिला.

सून मंडपात आली. पाहुणे गाडीत बसले होते, इंजिन सुरू होतं. ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली आणि चालकाला हाताने थांब म्हणाली. अध्यक्ष धावत आले. काय झालं ते ऐकून म्हणाले, अगं, एका झाकणाचं काय, मी उद्याच नवीन आणून देतो, त्याहून मोठं.

“नवीन नको,” ती म्हणाली. “आहे तेच पाहिजे.”

मग सगळ्यांनीच शोधायला सुरुवात केली. समिती टेबलांखाली वाकली. कोरणाऱ्याने खुर्च्यांचे ढीग हलवले. पाहुण्यांचे मदतनीस झुडपांत शिरले. शेवटी खुद्द पाहुणे गाडीतून उतरले आणि ‘कसं दिसतं ते?’ असं विचारू लागले, आणि पाचसहा जणांनी एकदम हवेत गोल काढून दाखवला. गावातल्या बायका हसायला लागल्या त्या थांबेनात. मला झाकण फलकापाशी दिसलं. फीत कापायची कात्री, नारळ आणि हळदकुंकू ठेवायला समितीला ऐन वेळी तबक मिळालं नव्हतं, म्हणून कोणीतरी मोठ्या टोपाचं झाकण उचललं होतं, आणि नंतर त्यावर हारांचा ढीग पडला होता.

सुनेने कात्री अध्यक्षांच्या हातात दिली, नारळ पाहुण्यांच्या. झाकण नळाखाली धरून धुतलं, पदराने पुसलं, उलटं करून ठिपके पाहिले. मग पुन्हा गाडीसमोर येऊन, मागोमाग मंडपात आलेल्या मावशीपुढे डबा धरला आणि मान हलवली. मावशीने डब्यातला शेवटचा दाणा काढून तोंडात टाकला, आणि सुनेने बाजूला होऊन गाडीला वाट दिली.